तरंगती घोडी की तोलावरची?

खानापूर भागात गिटार शिकवणारे एक जण विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितायत. 'फ्लोटिंग ट्रेमोलो ब्रिज'ला (इलेक्ट्रिक गिटारवर तारा टेकतात तो, दांडीनं हलवता येणारा भाग) त्यांनी 'तरंगता कंपन-पूल' असा शब्द केलाय. चालेल का, असं ते विचारतात.

'पूल' तेवढा आधी काढा. तार जिच्यावर टेकते ती घोडी. तंबोऱ्या-सतारीमुळे हा शब्द आपल्याकडे पक्का रुळलाय. बेळगाव-खानापुरात तर कानडी मुलांनाही तो समजावत बसायला नको, कारण वीणेच्या घोडीला कन्नडमध्ये 'कुदुरे' म्हणतात, म्हणजे घोडाच.

'ट्रेमोलो'चा घोळ मूळ इंग्रजीतलाच. ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो. घोडीची दांडी दाबली की स्वर उतरतो, तो झाला व्हायब्रॅटो. फेंडर कंपनीनं १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर दांडीच्या यंत्रणेला 'ट्रेमोलो' म्हटलं, आणि पुढं आपल्याच अँप्लिफायरवर आवाज लहान-मोठा करणाऱ्या सोयीला 'व्हायब्रॅटो' छापलं. उलटसुलट नाव तेव्हापासून चिकटलंय ते चिकटलंच. मराठीत 'कंप' पुरे. 'आंदोलन' मात्र नको. गाणं शिकलेल्या मुलाला त्यातून दरबारी रागातला झुलता गंधार ऐकू येईल, दांडीनं लुळी पडलेली तार नव्हे.

खरी अडचण 'तरंगता'ची आहे. तो वाचून मुलाला वाटतं की घोडी लाकडापासून उचलली की काम झालं. मग तो पुढच्या दोन खांबांचे स्क्रू फिरवत बसतो. त्यानं तारांची उंची बदलते, तोल साधत नाही. वर ताण असताना खांब फिरवले तर घोडीची खांबांवर टेकणारी सुरीसारखी धार झिजते, आणि दांडी सोडल्यावर घोडी जागेवर परत येईनाशी होते. ही घोडी तागडीसारखी आहे: एका बाजूला सहा तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला गिटारच्या पाठीमागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा. म्हणून मी 'तोलावरची घोडी' म्हणेन. 'अधांतरी' ऐकायला बरा वाटतो, पण त्यात आधार नसल्याचा वास येतो, आणि इथं तर आधार दोन्हीकडून आहे.

हा शब्द घेतला की जुळवणीची कृती सरळ लिहिता येते. फ्लॉइड रोझ घोडी (तारा कुलपात धरणारी एक जात), ०९-४२च्या तारा (जाडी इंचाच्या हजारांशात), नेहमीचं ट्यूनिंग आणि तीन स्प्रिंगा धरून चालू. मानेच्या टोकाचं, तारा आवळून धरणारं कुलूप सैल करा, घोडीवरचे फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मधोमध आणा, मग खुंट्यांनी तारा लावा. सहावी लावेपर्यंत पहिली उतरलेली असणार, कारण प्रत्येक तार ताणली की घोडी थोडी पुढं झुकते. चार-पाच फेऱ्या लागतात. त्याला दोष समजू नका. सूर जुळल्यावर बाजूनं बघा. घोडीची पट्टी लाकडाला समांतर हवी. मागची कड वर उचलली असेल तर तारा जिंकल्यात: स्प्रिंगा अडकवलेल्या पंज्याचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा. मागची कड खाली बसली असेल तर तेच स्क्रू सैल करा. दर वेळी पुन्हा सूर लावून मगच बघायचं. सूर न लावता केलेली पाहणी वाया जाते. १०च्या, म्हणजे जास्त जाड, तारा चढवल्या की हे सगळं नव्यानं, कधी चौथी स्प्रिंगही लागते. स्ट्रॅटोकास्टरवर समांतर न ठेवता मागं सुमारे ३.२ मिमी फट ठेवतात, हे वेगळं नोंदवा.

'लॉकिंग नट' तसाच लिहिलात तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणाऱ्याचा मुलगा बोल्टवरचा दुसरा नट समजेल. गिटारचा नट म्हणजे मानेच्या टोकाची, तार टेकायची खाचांची पट्टी; तंबोऱ्याच्या भाषेत मेरू. म्हणून 'मेरूवरचं कुलूप' लिहा, आणि ते सगळ्यात शेवटी, ३ मिमीच्या ॲलन कीनं बंद करायचं. बंद केल्यावर खुंटी फिरवून काही होत नाही, पुढची बारीक दुरुस्ती घोडीवरच्या फाइन ट्यूनरनं.

'शार्प' आणि 'फ्लॅट'साठी 'चढली' आणि 'उतरली' हेच वापरा. तोल कळलेल्या मुलाला मग दोन वाक्यं पाठ करायला नकोत: एक तार तुटली की स्प्रिंगा घोडी मागं ओढतात आणि बाकी पाच चढतात, एक तार बोटानं खेचली की घोडी पुढं येते आणि बाकीच्या उतरतात. नवीन तारा घालताना सगळ्या एकदम काढू नयेत, एक काढून एक घालावी, हेही त्याला त्यातून आपसूक सुचेल. सहाही काढायच्याच असतील तर आधी घोडीखाली कापडात गुंडाळलेला लाकडी तुकडा ठेवावा.