उंच पोरानं चिडायलाच हवं का?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर, म्हणजे इथल्या, मेलबर्नच्या बोलीतल्या 'फुटी'वर, मागच्या अंकात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेक पत्रांचा रोख एकाच माणसावर होता : गोलासमोर उभा राहणारा उंच फॉरवर्ड. म्हणून या वेळी त्याच्याबद्दलचीच तीन पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : उंच फॉरवर्ड म्हणजे आपल्या फुटबॉलमधला स्ट्रायकरच ना? मग गोल केले की झालं. त्याच्या आक्रमकपणाची एवढी चर्चा कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्ट्रायकरच्या जवळपास जातो, पण काम वेगळं आहे. मैदान अंडाकृती, एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून पायानं मारलेला चेंडू गेला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला की 1. किमान 15 मीटरवरून आलेली किक हवेतच पकडली तर तिला 'मार्क' म्हणतात. मार्क झाला की कुणी अंगावर यायचं नाही, पकडणाऱ्याला मोकळेपणानं किक मारता येते. उंच माणूस पुढे ठेवतात तो या मार्कसाठी.

आता त्याची अडचण बघा. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बचावपटूला चेंडू पकडायचा नसतोच. मूठ मारून उडवला तरी त्याचं काम झालं. फॉरवर्डला मात्र मान वर, दोन्ही हात वर, बरगड्या उघड्या, अशा अवस्थेत चेंडू घट्ट धरायचा असतो. तेवढ्यात मागून एक आणि समोरून धावत आलेला दुसरा, असे दोघं त्याच्यावर आदळतात. कबड्डीत चढाई करणारा निदान समोर बघत तरी असतो. इथे डोळे आभाळात आणि अंग वाऱ्यावर. म्हणून फुटीचा चाहता गोल मोजायच्या आधी विचारतो, 'भिडला का?' मार्क नाही झाला तरी चालेल, पण चेंडू समोरच्याच्या हातात जाऊ न देता खाली पाडायचा, म्हणजे पायाशी घुटमळणारी बुटकी, चपळ पोरं तो उचलतात. आणि तोही हुकला तर उठून पाठलाग करायचा. हे दिसलं नाही की स्टँडमधून ओरडा सुरू होतो.

प्रश्न : दर शनिवारी आमच्या घरात भांडण होतं. आमच्या टीमचा दोन मीटर उंचीचा फॉरवर्ड या मोसमात पार गारठलाय. माझा मेव्हणा म्हणतो, 'अंगात रगच नाही त्याच्या, बसवा त्याला घरी.' मी म्हणतो, त्याच्याकडे चेंडूच धड येत नाही. आमच्या मागच्या ओळीतले एक काका तर तो दिसला की 'सॉफ्ट!' म्हणून बोंब ठोकतात. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, टार्नेट, मेलबर्न

उत्तर : तुमचं बरंचसं बरोबर आहे, मेव्हण्यांचं थोडं, आणि काकांचं अजिबात नाही. हे मी ठामपणे म्हणतो, कारण त्या काकांच्या जागी मी बसून आलो आहे.

मी मेलबर्नच्या वेस्ट फुट्सक्रे भागात राहतो आणि इथे आल्यापासून वेस्टर्न बुलडॉग्ज टीमचा चाहता आहे. 2014 च्या अखेरीस आमचा कॅप्टन रायन ग्रिफन टीम सोडून ग्रेटर वेस्टर्न सिडनी या टीमकडे गेला आणि बदल्यात टॉम बॉयड आला. वय 19, उंची दोन मीटर, 2013 च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम नवे खेळाडू क्रमानं निवडतात त्यातला, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. करार सात वर्षांचा आणि सुमारे 70 लाख डॉलरचा असल्याचं पेपरात आलं. झालं! त्यानंतर तो पोरगा चेंडूमागे धावला तरी आम्हाला डॉलरच धावताना दिसायचे. 2015 मध्ये एका मॅचला त्याच्या हातून एक सोपा मार्क सुटला आणि मी उभा राहून ओरडलो, 'अरे, अंगावर जा की!' मराठीतच ओरडलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. शब्द कळले नसतील, सूर कळला. तो सूर मला आजही आवडत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. 2016 ची ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाची अंतिम मॅच, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर 99,981 माणसं, समोर सिडनी. बॉयडनं गर्दीत घुसून मार्क घेतले, तीन गोल केले. शेवटच्या क्वार्टरमध्ये डेल मॉरिसनं सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला पकडलं, चेंडू सुटला आणि बॉयडच्या हाती आला. त्यानं साठेक मीटरवरून लाथ घातली. चेंडू टप्पे खात, खात, रिकाम्या गोलातून गेला. आम्ही 89-67 जिंकलो, 1954 नंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी बुलडॉग्जच्या मैदानावर, व्हिटन ओव्हलवर, जमलेल्या गर्दीत मीही होतो आणि जो तो त्या गोलबद्दल बोलत होता.

आणि 2017 मध्ये त्याच बॉयडनं मानसिक आरोग्यासाठी खेळातून सुटी घेतली. 2019 मध्ये करार बाकी असताना, 23 व्या वर्षी तो निवृत्त झाला. झोप न लागणं, भीतीचे झटके, याबद्दल तो नंतर स्वतः मोकळेपणानं बोलला आहे. आम्ही ज्याला 'रग नाही' म्हणत होतो तो माणूस रात्र-रात्र जागून मॅचला उतरत होता. स्टँडमधून हे दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून काहीही नाव द्यायचं का?

जॅक वॉट्सची गोष्ट याहून जुनी. 2008 च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न टीमनं त्याला पहिला निवडला. 196 सेंटिमीटर, बास्केटबॉल सोडून आलेला, चेंडू अलगद झेलणारे हात. 2009 च्या क्वीन्स बर्थडेला, म्हणजे राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, कॉलिंगवुडसारख्या टीमसमोर, एमसीजीवर त्याला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तो अजून शाळेत होता. चेंडू हातात आला न आला तोच तीन कॉलिंगवुडवाले त्याच्यावर पडले. ते दृश्य टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं की पुढे त्याचं सगळं करिअर लोकांनी त्या चष्म्यातूनच पाहिलं. 'मवाळ' हा शिक्का बसला तो बसलाच.

आता टीम कशी होती ते बघा. 2011 मध्ये जिलाँगकडून 186 गुणांनी हरली आणि लगेच कोच बदलला. 2012 मध्ये चार विजय, 2013 मध्ये दोन. कोच येत होते, जात होते. मधली फळीच हरत असेल तर पुढच्या माणसाकडे चेंडू येतो कसा? उशिरा, उंच आणि उतावळेपणानं भिरकावलेला. तो खाली येईपर्यंत तीन बचावपटू जमलेले असतात. तुमचं म्हणणं मला पटतं ते इथे. तोच चेंडू मध्यातून झटकन, खालून, धावत्या फॉरवर्डच्या छातीवर आला तर तोच 'मवाळ' माणूस वाघ दिसतो. याच वॉट्सनं 2017 च्या क्वीन्स बर्थडेला, त्याच कॉलिंगवुडविरुद्ध, अगदी शेवटी बचावपटूला चकवून गोल केला आणि मेलबर्न 4 गुणांनी जिंकलं. त्या मोसमानंतर त्याला पोर्ट अ‍ॅडलेडला धाडलं. मेलबर्ननं 2021 मध्ये कप जिंकला तेव्हा तो निवृत्तही झाला होता. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मेव्हण्यांचं थोडं बरोबर का, तेही सांगतो. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या क्लबात मी सहा मोसम गोल अंपायर होतो. ज्युनियर मॅचला हे काम एखादा पालकच करतो. पांढरा कोट, हातात दोन निशाणं, आणि उभं राहायचं थेट खांबांमध्ये. फॉरवर्ड आणि त्याचा बचावपटू तुमच्यापासून दोन-तीन पावलांवर असतात. त्यांचा श्वास ऐकू येतो. बचावपटूनं जर्सीची कड मुठीत धरलेली दिसते, कोपर बरगडीत रुतलेलं दिसतं. तिथून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली : चेंडूपर्यंत पोचणारा फॉरवर्ड किक निघायच्या आधी हलतो. किक मारणाऱ्याचा खांदा वळला की याचा पाय उचललेला असतो. न पोचणारा चेंडू हवेत गेल्यावर बघतो, मग ठरवतो, मग निघतो. अर्ध्या सेकंदाचा फरक. पण त्या अर्ध्या सेकंदात बचावपटू पुढे घुसतो, आपला माणूस त्याच्या पाठीवर अलगद टेकतो, आणि शंभर मीटरवरून ते 'घाबरला' असं दिसतं.

कधी खरंच घाबरलेलाही असतो. मी नाकारत नाही. डोक्याला मार बसून आलेला माणूस पुढच्या वेळी डोळे मिटणारच. 2014 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, सेंट किल्डाचा पॅडी मॅकार्टिन, हाही उंच फॉरवर्ड. त्याला मवाळ कुणी म्हणालं नाही, तो भिडायचा. डोक्याला मार बसत गेले, फॉरवर्डची कारकीर्द थांबली. सिडनीकडून बचावपटू म्हणून परत आला, 2022 ची ग्रँड फायनल खेळला, 2023 मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि तो निवृत्त झाला. 'अंगावर जा' म्हणताना आपण नेमकं काय मागतो, ते याच्याकडे बघून मला कळलं.

तेव्हा पुढच्या शनिवारी एक करा. मेव्हण्यांना शेजारी बसवा आणि एक क्वार्टर चेंडू सोडून फक्त त्या फॉरवर्डकडे बघा. तो आधी हलतो की नंतर? मार्क हुकल्यावर पडून राहतो की लगेच उठून वळतो? बचावपटू चेंडू घेऊन निघाला तर दहा पावलं तरी मागे जातो का? हे करत नसेल तर मेव्हण्यांनी खुशाल तक्रार करावी, ती हक्काची तक्रार आहे. धावणं त्याच्या हातात आहे. पण चेहरा रागीट नाही, कुणाची कॉलर धरत नाही, म्हणून त्याला बसवा म्हणणं मला मान्य नाही. राग आला म्हणून कुणाचा हात दहा सेंटिमीटर लांब होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे आणि आत्ताच सहा फूट झालाय. कोचनं त्याला फुल फॉरवर्डला, म्हणजे थेट गोलासमोर, उभं केलंय. बाजूनं पालक ओरडतात, 'धडक दे, तू सगळ्यांत मोठा आहेस!' घरी येऊन म्हणतो, 'आई, माझ्यामुळे कुणाला लागेल असं मला नाही खेळायचं.' त्याला खेळातून काढू का? की थोडं कठोर व्हायला शिकवू?
— एक आई, पॉइंट कुक, मेलबर्न

उत्तर : ताई, काढू नका. त्याला स्वतःला सोडायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तो म्हणालेला नाही. तो म्हणाला, कुणाला लागू नये. अशा पोराला कठोर करायची गरज नाही. अंग कसं वापरायचं हे त्याला कुणीतरी दाखवायला हवं, एवढंच.

मी सांगली जिल्ह्यात कबड्डी खेळत वाढलो. नववीत वर्गात सगळ्यांत उंच मीच, म्हणून सरांनी मला कोपऱ्यात उभं केलं. पकड करायला जायचो आणि ऐन वेळी हात मागे घ्यायचो. सर सगळ्यांसमोर 'भित्रा' म्हणायचे आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. वर्षभर फेऱ्या मारल्या, पकड काही जमली नाही. मग गावातला एक जुना खेळाडू संध्याकाळी बांधावर बसायचा, त्यानं एकदा बोलावून घेतलं. म्हणाला, 'हात नंतर. आधी पाय टाक. तुझा पाय मागं राहतोय, म्हणून हात भितोय.' त्यानं माझा पुढचा पाय हातानं उचलून एक वीत पुढे ठेवला. तेवढंच केलं.

तुमच्या मुलाच्या कोचशी बोला, आणि 'त्याला आत्मविश्वास द्या' असं मोघम सांगू नका. नेमकं मागा. सरावात दहा मिनिटं मऊ पॅड धरून कुणीतरी त्याला मागून रेटावं आणि त्यानं कंबर खाली घेऊन, पाय रुंद करून जागा धरावी. उडी मारताना एक गुडघा पुढे उचलावा, म्हणजे त्याचं अंगही वाचतं. आणि किक मारणाऱ्याचा खांदा बघून आधी निघायची सवय, हे तर बागेत तुम्हीही करून घेऊ शकता. तुम्ही चेंडू फेका, किक येत नसली तरी चालेल. यातलं काहीही दुसऱ्याला इजा करण्यासाठी नाही, हे त्याला मोकळेपणानं सांगा. समोरच्याच्या डोक्याला किंवा मानेला हात लागला तर फ्री किक हात लावणाऱ्याविरुद्ध जाते, म्हणजे नियमही त्याच्याच मनासारखा आहे.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर पक्कं लक्षात ठेवा : मार बसून कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालं तर क्लब पातळीवर किमान 21 दिवस मॅच नाही, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परतायचं नाही. फायनल असो, टीममध्ये माणसं कमी असोत, कुणाच्या आग्रहाला बळी पडू नका.

राहिले ओरडणारे पालक. प्रत्येक मॅचला क्लबाचा एक जबाबदार माणूस रंगीत जाकीट घालून मैदानाच्या कडेला फिरत असतो. त्याच्याकडे जा आणि कोण काय ओरडलं ते शब्दशः सांगा. तुम्ही नवीन आहात, आपल्याला खेळ कळत नाही, म्हणून गप्प बसू नका. आणि परतताना गाडीत गोल किती झाले ते विचारू नका. किती वेळा चेंडूपर्यंत पोचलास, हे विचारा. त्याला आकडा आठवत असेल बघा. आमच्या क्लबातल्या पोरांना तो नेहमी आठवायचा.