इंग्लंडमधल्या डरहॅमच्या जुन्या कोळसा खाणगावात घर स्वस्त मिळतंय, खाली खाण असल्याचा धोका किती?

खोल खाणीची फारशी भीती नको. तिथली ईझिंग्टन कोलियरी ही खोल कोळसा खाणच बघा, ती 1993 ला बंद झाली. कोळशाचा खोल थर काढल्यावर जमीन जे बसायचं ते काही वर्षांत बसून जाते. खरी डोकेदुखी उथळ, जुन्या खाणींची आणि नीट न बुजवलेल्या शाफ्टची (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीची), कारण आत छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब कधीही ढासळू शकतात.

सौदा पक्का करण्याआधी वकिलाला सीओएन29एम अहवाल (घराखालच्या कोळसा खाणकामाची माहिती देणारा) मागवायला सांगा. घराच्या हद्दीपासून 20 मीटरच्या आत शाफ्ट आहे का आणि 31 ऑक्टोबर 1994 नंतर नुकसानीचा दावा झालाय का, हे त्यात कळतं. शाफ्ट निघाला तर कर्ज देणारी बँक अडून बसू शकते.

घर बघताना खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यांसारखी तिरकी गेलेली भेग शोधा, दारं चौकटीत अडकतात का बघा. नुसती ओल दिसली तर खाणीला दोष देऊ नका. ती बहुधा गळक्या पन्हळीची असते.

नुकसान कोळसा खाणीमुळेच असेल तर कोळसा खाणींमुळे जमीन खचण्याबाबतच्या 1991 च्या कायद्याखाली भरपाई मिळते, पण भेग लक्षात आल्यापासून 6 वर्षांत मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटी या सरकारी संस्थेला कळवावं लागतं.