पुस्तकांची बॅग भरायच्या आधी

ताई, तुम्ही सेलूहून ऑगस्टमध्ये अमेरिकेला पीएचडीला निघालात, विषय महानुभाव साहित्य, म्हणजे चक्रधरस्वामींच्या पंथाचं जुनं मराठी वाङ्मय, आणि विचारलंय की मराठी पुस्तकं इथूनच न्यावीत की तिकडं मिळतील. मी अंबाजोगाईचा, इकडं अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली. येताना २३-२३ किलोच्या दोन्ही बॅगांत निम्मी पुस्तकंच होती. त्यातली बहुतेक इकडच्या लायब्ऱ्यांत आधीपासून होती.

अमेरिकेच्या गव्हापोटी भारतानं रुपयांत चुकवलेल्या पैशातून, पीएल-४८० योजनेखाली, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेच्या ग्रंथालयानं, १९६२ पासून आपल्याकडची पुस्तकं घेतली आणि इथल्या विद्यापीठांना वाटली. त्यामुळं तुमच्या विद्यापीठात नसलेलं पुस्तक शिकागोला असू शकतं. इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे एका लायब्ररीनं दुसरीकडून पुस्तक उसनं मागवण्याचा, ऑनलाइन अर्ज भरला की ते तुमच्या काउंटरवर येतं. मला आजवर एक पैसा पडलेला नाही.

शोधायची खुबी मात्र शिकून घ्या. वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या लायब्ऱ्यांच्या एकत्र ऑनलाइन कॅटलॉगवर, देवनागरीत टाकून काही आलं नाही तर पुस्तकच नाही असं समजू नका. जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि त्यांचं स्पेलिंग आपल्या सवयीचं नाही. 'ज्ञानेश्वरी' डी खाली सापडत नाही, जे खाली सापडते. 'चरित्र' लिहिताना सी पुढं एच लावायचा नाही. हे कळेपर्यंत माझे दोन महिने वाया गेले.

अर्जात आवृत्ती आणि भाग नेमका लिहा. मी नुसतं 'लीळाचरित्र, संपादक तुळपुळे' एवढंच लिहिलं आणि चक्रधरांच्या आठवणींच्या या ग्रंथाचा आला फक्त एकांक हा भाग. मला हवा होता उत्तरार्ध. परत पाठवा, पुन्हा मागवा, यात महिना गेला. पण ते पुस्तक हातात घेतलं तो क्षण विसरणार नाही. जाड कापडी बांधणी, भोवती परतीच्या तारखेची कागदी पट्टी, आतली काही पानं अजून कडेला जोडलेलीच. माझ्या आधी ती कुणी उघडलीच नव्हती.

अमेरिकेत न मिळालेलं पुस्तक लायब्ररी परदेशातूनही मागवून बघते. महाराष्ट्राच्या लोकदैवतांवर आयुष्य घालवलेले सोन्थायमर जर्मनीत हायडेलबर्गला होते, तिथला मराठी संग्रह चांगला आहे. अशा मागणीला दीड-दोन महिने धरून चाला. दुर्मिळ प्रत कुणी पाठवत नाही, पाठवलीच तर लायब्ररीतच बसून वाचावी लागते. एखाद्या प्रकरणाचं किंवा लेखाचं स्कॅन मात्र मला बहुधा आठवड्याच्या आत ईमेलवर मिळालंय. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध मागवण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघा, पुष्कळ तिथं फुकट आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत.

आता बॅगेचं. वि. भि. कोलत्यांनी संपादलेलं लीळाचरित्र नेऊ नका, ते इथं मिळेल. परभणी-नांदेडच्या छोट्या छापखान्यांतली पुस्तकं, महानुभाव आश्रमांनी स्वतः छापलेल्या पोथ्या, गावोगावच्या संमेलनांच्या स्मरणिका, तालुक्याच्या इतिहासाच्या पातळ पुस्तिका मला इथल्या कुठल्याच कॅटलॉगात सापडल्या नाहीत. त्याच आधी भरा. निघायच्या आधी दोन-चार दिवस काढून आश्रमांत जा, महंतांना विचारा. जी पुस्तिका विकत मिळणार नाही तिचं पान न् पान मोबाइलवर टिपून घ्या, मुखपृष्ठासकट, कारण छापखान्याचं नाव आणि साल तुम्हाला तळटिपांत लागेल.