टॉप व्ह्यू फ्रंटच्या वर आला, तर ओढून खाली नेऊ का? (ऑटोकॅड)

नाही, ओढू नका, प्रोजेक्शन बदला. तुमचं ऑटोकॅड थर्ड अँगलवर (व्ह्यू मांडायची एक पद्धत, टॉप व्ह्यू फ्रंटच्या वर) आहे, तर रत्नागिरीचं तुमचं वर्कशॉप ट्रॉलरचा शाफ्ट ब्रॅकेट फर्स्ट अँगलने (दुसरी पद्धत) वाचतंय. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ (ड्रॉइंगच्या पद्धतींचं पुस्तक) मध्ये फर्स्ट अँगलच सांगितला आहे, आयटीआयमध्येही तोच शिकवतात. त्यामुळे टॉप व्ह्यू खाली हवा, हे कारागिराचं म्हणणं रास्त आहे. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडे येते. टॉप व्ह्यूचं चित्र दोन्हींत सारखंच असतं, म्हणून ओढल्यावर सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. खरा घोटाळा साइड व्ह्यूमध्ये होतो. तो राहिला जुन्याच जागी, तर बोल्टची भोकं उलट्या बाजूला पडतात आणि ब्रॅकेट बोटीला बसतच नाही.

कमांड लाइनवर VIEWSTD टाइप करा आणि फर्स्ट अँगल निवडा. हा बदल फक्त नव्या व्ह्यूंना लागू होतो. म्हणून जुने व्ह्यू काढून टाका, बेस व्ह्यू (ज्यावरून बाकीचे निघतात तो मूळ व्ह्यू) पुन्हा ठेवा आणि त्यातूनच बाकीचे काढा. म्हणजे ते एका रेषेत राहतात. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) प्रोजेक्शन दाखवणारं शंकूचं चिन्हही बदला: फर्स्ट अँगलला वर्तुळं उजवीकडे.

मात्र इंजिन किंवा गिअरबॉक्सचं ड्रॉइंग कंपनीकडूनच थर्ड अँगलमध्ये आलं असेल, तर त्याला हात लावू नका. चिन्ह ठळक ठेवा आणि कारागिराला तेवढं आधी सांगा.