आधी दादाला फोन कर

*'माझ्या भावाला ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला. तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. वडीलही हृदयविकारानेच गेले. घाबरून मी जनुकीय तपासणी करून घेतली, तर प्लेटलेटच्या एका प्रथिनात बदल निघाला, जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत. दादाला तपासणी करून घे म्हणते, तर तो हसतो. इतका बेफिकीर, की हिरड्यांतून रक्त येतं म्हणून क्लोपिडोग्रेलही तीन आठवड्यांपासून सोडलीय. त्याला कसं पटवू? माझ्या मुलांमध्येही हे येईल का?'*

आधी दादाला फोन कर. माझं उत्तर कुठे पळून जात नाही.

पत्रभर तुझा रिपोर्ट आहे, आणि दादाच्या गोळीला एक वाक्य; तेही तो किती बेफिकीर आहे हे मला दाखवायला. मी त्या वाक्यावरच अडकले.

स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर आपल्या पेशींचं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, तिला चिकटायला बघतात; गुठळीने जाळी बंद झाली की पुन्हा अटॅक. म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी देतात; दादाची क्लोपिडोग्रेल ती हीच. तिचा परिणाम झालेली प्लेटलेट मरेपर्यंत मंदच राहते. पण प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस. तीन आठवडे झाले म्हणतेस, म्हणजे त्या गोळीने मंदावलेली एकही प्लेटलेट आज त्याच्या रक्तात उरलेली नाही. सगळ्या नव्या, ताज्या दमाच्या. आणि जाळी जेमतेम तीन महिन्यांची.

आता तुझा रिपोर्ट. गुठळीत प्लेटलेटना एकमेकींशी जोडणाऱ्या फायब्रिनोजेनला धरणारं जे प्रथिन, त्यात ३३व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन, हाच ना तो बदल? १९९६ मध्ये त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला गेला आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत कधी तो दिसला, कधी नाही. तो बदल घेऊन असंख्य माणसं सुखाने म्हातारी होतात. मुलांमध्ये तो येण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. बदल येण्याची हं, अटॅक येण्याची नाही. तो कागद कपाटात ठेव.

दादाच्या बाबतीत जनुकाचा विषय निघालाच, तर तो प्लेटलेटचा नाही, यकृताचा निघेल. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. सीवायपी२सी१९ हे यकृतातलं एन्झाइम तिला कामाला लावतं. काहींमध्ये ते जन्मतःच दुबळं असतं. त्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. अशांसाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, ते डॉक्टर बघतील. पण दादाची गोळी तर पाकिटातच पडून आहे!

आणि एक बोलते, राग आला तर येऊ दे. रक्त येतंय हे त्याने तुला सांगितलं. घाबरला असणार, म्हणून सांगितलं. त्यावर तू काय म्हणालीस? तपासणी कर. मग हसेल नाही तर काय करेल!

फोनवर 'जनुक' हा शब्दही काढू नकोस. हिरड्या कशा आहेत, एवढंच विचार आणि त्याला बोलू दे. मग दोघं मिळून आजच त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावा. तीन आठवडे गोळी बंद आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊन भरपाई करायची नाही. पुन्हा कशी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील, हिरड्यांचंही तेच बघतील. आणि त्याच्या छातीत जरा जरी दुखलं, तर फोनाफोनी नको, थेट हॉस्पिटल गाठा.