हॉलला चकाकी नको, स्वयंपाकघराला हवी

ताई, तुमचा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला फ्लॅट जुना आहे, दिवाळीआधी रंगवायचाय, आणि पेंटर म्हणतोय की सगळ्या खोल्यांना चकाकणारा रंग देऊ, ओल्या फडक्यानं पुसता येतो. पुसता येतो हे खरंच आहे. पण म्हणून सगळ्या घराला एकच फिनिश घेऊ नका.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी तेच केलं होतं. हॉलला हाय शीन, म्हणजे जास्त चकाकीचा रंग मारून घेतला. दिवसा भिंत झकास दिसायची. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की तिच्याखाली थापीचे उंचवटे, पुट्टीच्या पट्ट्यांच्या कडा, जुन्या वायरिंगची बुजवलेली खाच, सगळं उठून दिसायचं. तीन वर्षांत त्यावर मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग मारला तेव्हा कुठं ती भिंत शांत झाली.

म्हणून शेड कार्ड हातात घ्यायच्या आधी एक करा. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. भिंत किती सपाट आहे ते लगेच कळतं. लाटा दिसल्या तर तिथं मॅटच. मॅटचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, त्यावर उजेड सगळीकडे विखुरतो आणि उंचसखलपणा लपतो. चकाकीच्या रंगात बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट घटक, जास्त असतो, त्याचा थर गुळगुळीत, बंद बसतो. त्यामुळं डाग आत मुरत नाही, पण भिंतीचा प्रत्येक दोष चमकतो. बाथरूम सोडलं तर छताला डोळे झाकून पांढरा मॅट.

स्वयंपाकघराचं गणित उलटं आहे. आपल्याकडं रविवारी तांबडा रस्सा उकळतो, उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. कटाचा एक थेंब साध्या मॅटवर उडाला की तेल भिंतीत शिरतं आणि हळद-मिरचीचा पिवळा-तांबूस गोल राहतो. घासायला गेलात तर रंगच उतरतो. तिथं टाइल्सच्या वर सॅटिन इमल्शन, म्हणजे मध्यम चकाकीचा पाण्यात कालवायचा रंग घ्या. भांड्याच्या साबणाचं पाणी, मऊ फडकं, डाग ताजा असतानाच पुसायचा. देवघराच्या कोनाड्यातही हेच द्या, समईची काजळी निघते. ऑइल पेंट मात्र भिंतीला नको. पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळा पडतो. तो दारांना आणि ग्रिलला ठीक.

बेडरूमला मॅट. मुलांची खोली आणि पॅसेज, जिथं कमरेच्या उंचीवर हात लागतात, तिथं सॉफ्ट शीन, म्हणजे मंद चकाकीचा रंग. बाथरूममध्ये टाइल्सच्या वर आणि छतालाही सॅटिन, शिवाय एक्झॉस्ट चालू ठेवायचा, नाहीतर काळे ठिपके येणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओल. चार महिने पाऊस खाल्लेल्या भिंतीवर घाईनं चकाकीचा थर चढवला की आतलं पाणी कोंडतं आणि फुगे येतात. २०१९ च्या महापुरानंतर माझ्या आतेभावानं तळमजल्याच्या भिंती पुरत्या वाळू न देता ऑइल पेंट मारून घेतला. वर्षाच्या आत पापडासारखे पोपडे सुटले, मागं पांढरे क्षार. पैसे गेलेच, पण पुरातून सावरलेल्या माणसाला ते पुन्हा खरवडताना बघणं फार जिवावर आलं.

तुमच्या भिंतीला आधीचा रंग कुठला आहे ते बघून घ्या. तो जुना ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरनं घासून प्रायमर मारल्याशिवाय इमल्शन धरणार नाही. पेंटर हे काम टाळायला बघतात, आधीच बोलून घ्या. आणि हॉलचा उरलेला अर्धा लिटर जपून ठेवा. मॅटवर ठिगळ मारलं तरी मिसळून जातं, चकाकीवर मारलं की वेगळा डाग दिसतो, पूर्ण भिंतच मारावी लागते.

पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाचा मारा जास्त असतो. तिथं हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर त्या भिंतीला अजून हात लावू नका, आधी गळती शोधा. काय निघालं ते कळवा, मग तिचं बोलू.