वाचक विचारतात : शून्य युनिटची कविता

प्रश्न : तुम्ही कवी मंडळी मुलाखतीत 'कविता आतून येते' एवढं सांगून मोकळी होता. एखाद्या कवितेचा कच्चा कागद दाखवाल का? (एक शिक्षिका, परभणी)

दाखवते. आबा गेल्यापासून माझं माहेरचं घर बंद आहे. त्या घरावरची एक कविता यंदा दिवाळी अंकात आली. तिचा पहिला कागद असा होता :

गावचे घर कुलूपबंद आहे
आठवणींच्या जाळ्यात गुरफटले आहे
दिवा लावायला कुणी नाही तिथे
अंधार माझ्या मनात दाटला आहे

पहिली ओळ सोडली तर यात माझं काहीच नाही. जाळं, दिवा, मनातला अंधार हा सगळा आयता माल, आणि आयतं मिळालं की हात भराभर चालतो. कच्चं लिखाण मी आधी आमच्या थोरल्या जाऊबाईंना ऐकवते. त्या कविता वाचत नाहीत, म्हणूनच. मेथी निवडत ऐकतात आणि कंटाळा आला की तोंडावर सांगतात. या चार ओळींना त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, "बंद घराचं लाइटबिल येतं का गं अजून?"

येतं की. कपाटातून काढून बघितलं. ग्राहकाच्या जागी आबांचं नाव, वापर शून्य, तरी 'स्थिर आकार' लावलेला. मग झालं ते असं :

घराला कुलूप आहे.
बिल येतं,
अजून आबांच्याच नावावर.
एकूण वापर : शून्य युनिट.
स्थिर आकार
भरावा लागेल.

याखाली आणखी एक ओळ होती : 'आणि मी भरत राहते, आबा.' काव्यवाचनात तिच्यावर हमखास 'वा!' यायची. संपादकांचा मात्र अंक लावताना फोन आला : 'भरावा लागेल'वर थांबा, पुढचं वाचणाऱ्याला कळलंय. मी बरीच कुरकुर केली, कारण ओळ माझी लाडकी होती. मग माझं मलाच लक्षात आलं की वाचताना माझा दाटलेला गळा त्या ओळीला मदत करत होता. छापील पानावर ती मदत कुठून मिळणार? काढून टाकली.

असे संपादक आता कमी उरलेत. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी अशीच ओळीओळीवरून चर्चा करत. अर्थात त्याच मासिकाची १९६९ साली लघुअनियतकालिकवाल्या, म्हणजे स्वतःचे छोटे, जमेल तेव्हा निघणारे अंक काढणाऱ्या तरुणांनी होळीही केली. संपादकाचा हात सगळ्यांना मानवतो असं नाही, आणि तो सगळ्यांनी मानावा असंही माझं म्हणणं नाही.

प्रश्न : कविसंमेलनात माझ्या कवितेला टाळी पडत नाही. मुक्तछंद सोडून गझलेकडे वळू का? (एक वाचक, मिरज)

टाळीसाठी वळणार असाल तर नको. गझलेत वृत्त सांभाळायचं, काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागून दर शेरात परत येणारे शब्द, सांभाळायचे. तिथे टाळीहून मेहनत मोठी.

टाळीला नाक मुरडणारी मी नाही. रविकिरण मंडळातले कवी कविता गाऊन दाखवत. विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव एकत्र वाचनं केली आणि लोक गर्दी करून ऐकायला आले. पण दुसरीकडे अरुण कोलटकर बघा. १९७७ च्या संग्रहानंतर त्यांचं पुढचं मराठी पुस्तक यायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. मग आलेल्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधीच, २००४ मध्ये, ते गेले होते.

पुढच्या वेळी टाळी मोजू नका, चुळबूळ कुठे सुरू होते ते बघा. कुठल्या ओळीवर पहिला मोबाइल उघडला? घरी आल्यावर तिथे पेन्सिलीने खूण करा. आणि सूत्रसंचालक चिठ्ठ्या पाठवून घाई करणाऱ्यांपैकी असेल, तर लांब कविता नेऊच नका.

प्रश्न : फेसबुकवर टाकलेली कविता कुणी चोरली तर? आधी नोंदणी करावी लागते का? (एक वाचक, पुणे)

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहून झाली की हक्क तुमचा. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. तारखेसह खर्डे जपा, तेही कामाला येतात. खरी अडचण वेगळी आहे : पुष्कळ संपादक फेसबुकवर आलेली कविता 'प्रकाशित' धरतात आणि परत करतात. अंकाला पाठवायची असेल तर भिंतीवर टाकण्याआधी विचार करा.

प्रश्न : मी चौथी शिकलेली. ओव्या सुचतात त्या फोनमध्ये बोलून ठेवते. भाचा म्हणतो, शुद्ध करून छापू. छापावं का? (एक वाचक, चोपडा)

छापा, मावशी, पण शुद्ध करू देऊ नका. तुमच्याच जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. काम करताना त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतलं. पुस्तक आलं १९५२ साली, त्यांच्या पश्चात, आणि आलं ते त्यांच्या बोलीत. तिथे कुणी पुस्तकी मराठी घातली असती तर आज कोण म्हणत बसलं असतं?

भाच्याला सांगा, तुम्ही म्हणता तसंच लिहायचं, 'न'चा 'ण' करायचा नाही. उतरवून झालं की त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या; जिथे तुमचा आवाज ऐकू येणार नाही तिथे त्याला थांबवा. मूळ आवाजाची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा, नवा फोन घेताना जुनं पुसलं जातं. आणि काही ओव्या इकडे पाठवा, लिहिलेल्या नसल्या तरी चालतील.